ग्रामीण महाविद्यालयाचा प्लेसमेंट सेल आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : नव्याने जबाबदारी घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी

जून-जुलैमध्ये महाविद्यालयातील समित्यांची वाटणी होते आणि प्लेसमेंट सेलची जबाबदारी बहुधा सर्वांत अलीकडे रुजू झालेल्या प्राध्यापकाकडे येते. हाती मिळते ती मागील वर्षांची एक फाईल. तिच्यात नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या पाचव्या निकषासाठी भरलेले तक्ते, नागपूर किंवा अमरावतीला झालेल्या रोजगार मेळाव्याची छायाचित्रे आणि ज्यांचे मोबाइल क्रमांक आता लागत नाहीत अशा विद्यार्थ्यांची यादी असते. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी हे काम काही वर्षे केल्यानंतर, आपल्यासारख्या नव्या सहकाऱ्यांना सुरुवात कोठून करावी हे सांगता यावे म्हणून हा लेख लिहीत आहे. तासिका, परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन सांभाळून एकट्या शिक्षकाला तीन-चारशे विद्यार्थ्यांकडे पाहायचे असते, हे गृहीत धरूनच पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

प्रथम बदल कोठे झाला ते पाहू. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या हाती अर्ज लिहून देणारे साधन आले. नोकरी देणाऱ्यांकडे मात्र अर्ज वाचणारे साधन त्याही आधीपासून होते. मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज केला की तो प्रथम एका संगणक प्रणालीत जातो, ती त्यातील नाव, शिक्षण, कौशल्ये आणि अनुभव वेगवेगळे काढते, जाहिरातीशी ताडून पाहते आणि त्यानंतर काही अर्जच माणसापुढे येतात. या यंत्रांच्या चुकांची उदाहरणे जगासमोर आलेली आहेत. ॲमेझॉनने जुन्या अर्जांवर शिकवलेली एक चाचणी प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखत असल्याचे आढळले. कंपनीने ती सोडून दिली आणि २०१८ मध्ये ते वृत्त प्रसिद्ध झाले. मुलाखतीच्या ध्वनिचित्रफितीवरून उमेदवार पारखणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने चेहऱ्यावरील हावभावांचे विश्लेषण थांबवल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. न्यूयॉर्क शहराने तर अशा भरती-साधनांची पक्षपातासाठी तपासणी बंधनकारक केली असून २०२३ पासून त्या कायद्याची अंमलबजावणी सुरू आहे. ही उदाहरणे दूरची आहेत खरी, परंतु आपल्या विद्यार्थ्याने पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीला केलेला अर्जही अशाच चाळणीतून जाऊ शकतो, आणि आपण स्वतः कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी की नाही हे ठरवत बसलो तरी ती चाळणी थांबत नाही.

पहिली पायरी : यादी नीट करा

या पायरीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे काहीही काम नाही, तरीही हीच पायरी चुकली तर पुढचे सारे वाया जाते. आपल्याकडील विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांचा ईमेल बारावीच्या प्रवेशाच्या वेळी कॅफेवाल्याने उघडून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड विद्यार्थ्याला ठाऊक नसतो. रिचार्जची सवलत पाहून सिमकार्ड बदलले जाते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव येते, तर आधारकार्डावर क्रम वेगळा असतो. ऑनलाइन अर्जात विद्यार्थी आडनावच पहिले नाव म्हणून भरतो आणि मग एकाच मुलीची कागदपत्रे संगणकाला दोन वेगळ्या व्यक्तींची वाटतात.

म्हणून द्वितीय वर्षातच प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने ईमेल उघडून घ्या, नावाचे इंग्रजी स्पेलिंग सर्व कागदांवर सारखे आहे का ते पाहा, डिजिलॉकर सुरू करून घ्या आणि घरातील आणखी एका व्यक्तीचा क्रमांक नोंदवा. ही माहिती एका साध्या एक्सेल तक्त्यात ठेवावी. त्यात गाव, महाविद्यालयापर्यंतचा प्रवास आणि बाहेरगावी राहण्याची तयारी हे तीन रकाने अवश्य असू द्यात, कारण सायंकाळच्या शेवटच्या एसटीवर अवलंबून असलेल्या मुलीला कोणते काम सुचवायचे, हे त्या रकान्यांवरूनच कळते.

दुसरी पायरी : अनुभव बोलता करा

या लेखात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेला रेझ्युमे लिहायला सांगितला की ती क्षणात लिहून देते, परंतु तिला आपला विद्यार्थी ठाऊक नसतो. तिला मिळते फक्त "बी.कॉम. तृतीय वर्ष, ६२ टक्के, एमएस-सीआयटी" एवढीच माहिती, आणि मग उरलेली जागा ती ठरावीक शब्दांनी भरून काढते. आमच्याकडे एका वर्षी तीस विद्यार्थ्यांनी आपापल्या मोबाइलवर रेझ्युमे तयार करून आणले, तेव्हा त्यांतील पहिले वाक्य जवळजवळ सर्वांचे सारखे होते. सगळेच मेहनती, ध्येयवादी आणि संघभावनेने काम करणारे. निवड करणाऱ्यापुढे असे शेकडो कागद रोज येतात.

विद्यार्थ्याला विचारले की, "तू आजवर काय काम केलेस?" तर उत्तर येते, "काही नाही जी, घरचीच कामं करतो." हे उत्तर नम्रतेचे असते, खरे नसते. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी विचारले की हळूहळू कळते, दोन हंगाम तो जिनिंगच्या काट्यावर बसत होता, गाड्यांचे वजन लिहीत होता, कापसातील ओलावा मोजणाऱ्या माणसाच्या हाताखाली होता आणि रोजच्या काटापट्ट्यांचा, म्हणजे वजनाच्या पावत्यांचा, मेळ रात्री मालकाला सांगत होता. एखादी मुलगी आईच्या बचत गटाचे दप्तर सांभाळते, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवते, बैठकीचे इतिवृत्त लिहिते आणि बँकेत जाऊन व्यवस्थापकाशी बोलते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापूस खरेदीसाठी कपास किसान ॲपवर निम्म्या गावाची नोंदणी करून देणारा मुलगाही "मला संगणकाचा अनुभव नाही" असेच लिहितो. गडचिरोलीत तर ग्रामसभा स्वतः वनोपजाचा व्यवहार पाहतात. मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाले आणि त्यानंतर अनेक ग्रामसभांनी बांबू व तेंदूपत्त्याचे व्यवहार आपल्या हाती घेतले. अशा ग्रामसभेच्या हिशेबाला मदत करणाऱ्या पदवीधराजवळ लेखापालाचे प्रत्यक्ष शिक्षण असते, फक्त ते शिक्षण आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे बाहेर काढण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला वीस मिनिटे द्यावीत. तीनशे विद्यार्थ्यांना एकट्याने एवढा वेळ देणे शक्य नाही, म्हणून माजी विद्यार्थी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक यांच्या जोड्या कराव्यात आणि त्यांना लेखी प्रश्नावली द्यावी: कोणत्या हंगामात काय करतोस, त्यात पैशाचा हिशेब कोण ठेवतो, चूक झाली तर कोणाला कळते, यंत्र बंद पडले तर काय करतोस, गावातले लोक तुझ्याकडे कोणत्या कामासाठी येतात. विद्यार्थ्याला मोबाइलच्या मराठी व्हॉइस टायपिंगवर आपल्या बोलीत बोलू द्यावे. वावर, पऱ्हाटी, डवरणी अशा शब्दांना यंत्र पुष्कळदा भलतेच रूप देते, तेव्हा मजकूर लगेच वाचून दुरुस्त करून घ्यावा. बोलताना विद्यार्थ्याला आपल्या भाषेची लाज वाटू नये याची काळजी आपणच घ्यायची आहे.

तिसरी पायरी : आता रेझ्युमे

वरील टिपण हाती आल्यावर कृत्रिम बुद्धिमत्ता खरोखर उपयोगी पडते, कारण आता तिला लिहिण्याजोगे काही मिळालेले असते. चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांपैकी कोणतेही साधन चालेल. सूचना नेमकी असावी. आम्ही वापरतो ती अशी:

"खाली एका विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाविषयी सांगितलेली माहिती आहे आणि त्याखाली नोकरीची जाहिरात आहे. या माहितीतील ज्या गोष्टी जाहिरातीशी जुळतात त्यांची साध्या इंग्रजीत प्रत्येकी एक ओळ लिहा. माहितीत नसलेली कोणतीही गोष्ट, आकडा किंवा कौशल्य घालू नका. जेथे माहिती अपुरी आहे तेथे मला प्रश्न विचारा. शेवटी प्रत्येक ओळीचा मराठी अर्थ द्या."

यातील शेवटची दोन वाक्ये कधीही गाळू नयेत. "प्रश्न विचारा" असे सांगितले नाही तर यंत्र मोकळी जागा कल्पनेने भरते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या रेझ्युमेत "दहा जणांच्या चमूचे नेतृत्व" असे शब्द आले होते. मुलाखतीत त्यावरच पहिला प्रश्न आला आणि तो मुलगा गप्प झाला. तो रेझ्युमे मी वाचून पुढे पाठवला होता, म्हणून ती चूक माझीही होती. तेव्हापासून मराठी अर्थ विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि प्रत्येक ओळीवर "हे तू केलेस का, कसे केलेस?" असे विचारावे, हा नियम आम्ही पाळतो. ज्या ओळीचे उत्तर त्याला देता येत नाही, ती ओळ काढून टाकायची.

काटापट्टीचेच उदाहरण घेतले तर "जिनिंगमध्ये काम केले" या शब्दांऐवजी "दोन हंगाम वजनकाट्यावरील आवक नोंदवली, दररोज पावत्यांचा मेळ घातला आणि तफावत आढळल्यास मालकास कळवली" असे लिहिता येते. त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि गोदाम, वाहतूक किंवा लेखा विभागातील माणसाला तो मुलगा काय करू शकेल हे लगेच दिसते.

फाईलच्या रूपाकडेही लक्ष द्यावे. दोन रकान्यांची रंगीत नमुना-पाने, चौकटी आणि चित्रे यांमुळे अर्ज वाचणाऱ्या प्रणालीचा गोंधळ होतो, म्हणून एकाच रकान्यात, साध्या मथळ्यांसह मजकूर असावा. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून त्याची पीडीएफ करून पाठवण्याची सवय मोडावी. मराठी रेझ्युमे गावच्या टायपिंग सेंटरवर कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये तयार झाला असेल, तर डोळ्यांना मराठी दिसणारी अक्षरे संगणकाला निरर्थक रोमन चिन्हे म्हणूनच मिळतात. तो मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे. तपासण्याची सोपी रीत म्हणजे पीडीएफमधील मजकूर निवडून व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवून पाहणे. तेथे तो नीट वाचता आला तर यंत्रालाही वाचता येईल.

चौथी पायरी : रोजचे प्रश्न आणि खरी माहिती

प्लेसमेंट सेलचा निम्मा वेळ त्याच त्या प्रश्नांची उत्तरे देण्यात जातो: अर्जाची शेवटची तारीख कोणती, कोणते दाखले लागतात, वयाची अट काय. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ च्या उन्हाळ्यात नव्याने प्रवेश घेणाऱ्यांच्या शंकांसाठी मोबाइल संदेशावर उत्तरे देणारी प्रणाली सुरू केली, तेव्हा पहिल्याच हंगामात तिने २ लाखांहून अधिक उत्तरे दिली. आपल्याला एवढी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. वर्षभरात आलेले पन्नास-साठ प्रश्न आणि आपण स्वतः तपासलेली उत्तरे एका दस्तऐवजात लिहावीत, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्यांची भाषा सोपी करून घ्यावी आणि ती विभागवार व्हॉट्सॲप गटांवर टाकावी.

मात्र योजनांची माहिती यंत्राला विचारून जशीच्या तशी पुढे पाठवू नये. ही साधने मुळात पुढचा संभाव्य शब्द कोणता याचा अंदाज बांधून वाक्य रचतात. त्यामुळे चुकीची तारीखही ती ठाम स्वरात सांगतात, आणि त्यांचे ज्ञान ज्या काळापर्यंतचे असते त्यानंतर झालेला बदल त्यांना ठाऊक नसू शकतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रशिक्षण ६ महिन्यांचे होते आणि विद्यावेतन बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असे ठरले होते. पुढे प्रशिक्षणाचा कालावधी ११ महिने करण्यात आला. जुन्या माहितीवर शिकलेले यंत्र ६ महिनेच सांगेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत वयाची अट २१ ते २४ वर्षे अशी ठेवली होती, परंतु अशा अटीही बदलतात. म्हणून शासन निर्णय किंवा अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे, त्याची पीडीएफ यंत्राला द्यावी आणि "फक्त या कागदाच्या आधारे उत्तर द्या, परिच्छेद क्रमांक सांगा" असे म्हणावे. राज्य शासनाचे महास्वयम व केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस ही रोजगाराची संकेतस्थळे आणि शिकाऊ उमेदवारीचे पोर्टल ही तीन ठिकाणे दर सोमवारी डोळ्याखालून घालावीत.

पाचवी पायरी : मुलाखतीचा सराव

आपल्या मुलांना विषय येत नाही असे क्वचितच असते. अनोळखी माणसासमोर, त्यातही इंग्रजीत, तोंड उघडण्याचे भय मोठे असते. या बाबतीत यंत्राशी बोलण्याचा सराव मला फार मोलाचा वाटतो, कारण ते हसत नाही, कंटाळत नाही आणि तोच प्रश्न दहा वेळा विचारते. पहिला आठवडा सराव मराठीतच ठेवावा. उत्तर मराठीत घट्ट झाले की मग ते इंग्रजीत आणावे, अन्यथा विद्यार्थी पाठ केलेली इंग्रजी वाक्ये म्हणू लागतो. यंत्राला "एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तरानंतर एकच सुधारणा सांगा" अशी सूचना द्यावी.

काही कंपन्या आता समोर माणूस नसलेली मुलाखत घेतात, ज्यात पडद्यावर प्रश्न येतो आणि ठरावीक सेकंदांत उत्तर ध्वनिचित्रमुद्रित करायचे असते. त्यासाठी ग्रंथालयाशेजारची एक शांत खोली, एक संगणक, हेडफोन आणि वीज गेल्यास चालणारा इन्व्हर्टर एवढे महाविद्यालयाने उपलब्ध करून द्यावे, असा प्रस्ताव प्राचार्यांपुढे लेखी मांडावा. शेतातल्या खोलीतून कमी नेटवर्कवर दिलेली मुलाखत मध्येच तुटली तर त्यात विद्यार्थ्याचा दोष नसतो, पण संधी त्याचीच जाते.

सहावी पायरी : परिसरातील कामे पाहून या

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत जगभरात १७ कोटी नवी कामे निर्माण होतील आणि ९.२ कोटी कामे जातील, असा अंदाज आहे. या आकड्यांवरून वणी किंवा आर्णीच्या विद्यार्थ्याला सल्ला देता येत नाही. त्यासाठी बसने जाऊन पाहावे लागते.

अकोल्याच्या डाळ मिलमध्ये किंवा गोंदियाच्या राइस मिलमध्ये सॉर्टेक्स यंत्र पाहा. कॅमेरा प्रत्येक दाण्याचा रंग टिपतो आणि खराब दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवला जातो. निवडणीचे हाताचे काम त्याने कमी केले, परंतु यंत्र लावणे, प्रतवारीनुसार त्याची मापे बदलणे आणि बिघाड ओळखणे यासाठी शिकलेला ऑपरेटर लागतो. नमो ड्रोन दीदी योजनेत देशातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले, तेव्हा फवारणीच्या कामात उडवणारी, बॅटरी सांभाळणारी आणि हिशेब ठेवणारी अशी कामे खेड्यात येत आहेत. उलट केवळ डेटा एंट्री किंवा टायपिंगच्या भरवशावर राहणाऱ्या विद्यार्थ्याला आजच सावध करणे मी आपले कर्तव्य समजतो. त्याला टायपिंगबरोबर नोंदींतील चुका शोधणे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले काम तपासणे हेही शिकवावे.

बुटीबोरी, मिहान, नांदगाव पेठ, चंद्रपूर-बल्लारपूर, कोनसरी या मोठ्या ठिकाणांची माहिती जाहिरातींतून मिळते. तालुक्यातील जिनिंग, वरूड-मोर्शीकडील संत्र्यांची प्रतवारी केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पतसंस्था यांची माणसांची गरज मात्र कोणत्याही यंत्राला ठाऊक नसते, कारण ती कोठे छापूनच येत नाही. वर्षाकाठी अशा पंधरा ठिकाणी जावे आणि तीनच प्रश्न विचारावेत: कोणते काम करणारा माणूस मिळत नाही, गेल्या दोन वर्षांत कोणते यंत्र आले, आणि आमच्या मुलाला दोन महिने ठेवून घ्याल का. उत्तरे त्याच एक्सेल तक्त्याच्या दुसऱ्या पानावर लिहावीत. विद्यार्थी आणि कामे या दोन पानांची जुळणी करण्याचे काम यंत्राकडून करून घेता येते. त्याने सुचवलेल्या जोड्या आपण तपासायच्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमात आलेल्या प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाच्या जागाही याच भेटींतून मिळतात.

सांभाळण्याच्या दोन गोष्टी

तक्ता यंत्राला देताना नावे, मोबाइल क्रमांक, आधार आणि जातीचा तपशील काढून टाकावा व प्रत्येकाला एक क्रमांक द्यावा. मोफत साधनांत आपण लिहिलेला मजकूर पुढील प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो, तो पर्याय सेटिंगमध्ये बंद करावा. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे, तेव्हा प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याची लेखी संमती घेऊन ठेवणे योग्य.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे खोटी नियुक्तिपत्रे आता शुद्ध भाषेत आणि हुबेहूब बोधचिन्हासह येतात, त्यामुळे भाषेतील चुकांवरून ती ओळखण्याची जुनी खूण उपयोगाची राहिलेली नाही. नोंदणी, गणवेश किंवा लॅपटॉपच्या नावाखाली आधी पैसे मागितले की ती नोकरी नव्हे, हे प्रत्येक वर्गात जाऊन सांगावे. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. उशीर झाला तर रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. घरी रागावतील या भीतीने मुले गप्प राहतात, म्हणून आधी आपल्याला फोन करायला सांगावे आणि रात्रीही तो उचलावा.

नोकरी लागल्यानंतर

निवड झाल्याची बातमी फलकावर लागली की आपण ते नाव विसरतो. तसे करू नये. पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात प्रत्येकाला फोन करावा आणि राहण्याची सोय, हाती पडणारा पगार, प्रत्यक्ष करावे लागणारे काम आणि सोडून आला असल्यास कारण, एवढे विचारावे. पहिल्या वर्षी आमच्या तक्त्यात परत आलेल्या मुलांच्या नावांपुढे कारणाचा रकाना रिकामाच होता. फोन केल्यावर कळले की बहुतेकांना काम जमत होते, परंतु पहिला पगार हाती येईपर्यंतच्या महिन्याचे खोलीभाडे आणि खानावळीचे पैसे त्यांच्याजवळ नव्हते. त्यानंतर आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढून पहिल्या महिन्यासाठी बिनव्याजी रक्कम देण्याची व्यवस्था केली. तिची नोंद त्याच तक्त्याच्या तिसऱ्या पानावर असते, आणि परतफेडीची तारीख पहिल्या पगारानंतरच्या आठवड्यातील धरतो.